विकास योजनेच्या नकाशावर किनारा आणताना: मालवणच्या आधाराने नवख्यांसाठी मार्गदर्शन

नगरपरिषदेच्या हद्दीतील जमिनीचा पुढील वीस वर्षांचा वापर विकास योजनेने ठरतो, आणि ही योजना कशी करायची हे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये सांगितलेले आहे. बहुतेक नागरिकांची तिच्याशी पहिली गाठ पडते ती आपल्या जमिनीवर आरक्षण पडल्याचे, म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवल्याचे, कळते तेव्हा, म्हणजे योजना जवळजवळ तयार झाल्यावर. किनाऱ्यावरच्या गावात हा उशीर फारच महागात पडतो, कारण तिथले सर्वांत मोलाचे जमीन वापर कोणाच्याही सातबाऱ्यावर नसतात. रापण (किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे मोठे जाळे) ओढण्याची पुळण (वाळूचा किनारा), पावसाळ्यात होड्या चढवून ठेवण्याची जागा, मासळी सुकवण्याचे मैदान, उधाणाचे पाणी पसरू देणारे खाजण (खाऱ्या पाण्याची सखल जमीन), सड्यावरून (कातळाच्या पठारावरून) उतरून समुद्राला मिळणारा व्हाळ (ओढा), यांपैकी कशालाही खातेदार नाही, त्यामुळे नकाशावर या जागा कोऱ्या दिसतात. कोरी जागा दिसली की योजनाकाराला तिथे काहीतरी आखावेसे वाटणारच. म्हणून किनारी नगराच्या योजनेत पडणाऱ्या माणसाचे पहिले काम प्रस्तावांवर मत देण्याचे नसून, या नोंद नसलेल्या जागा वेळेत नोंदवून घेण्याचे आहे. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीभोवती रचल्या आहेत.

हे मार्गदर्शन नव्याने निवडून आलेले नगरसेवक, वाडीतली मंडळे, मच्छीमार सोसायट्यांचे संचालक आणि गावाच्या योजनेत पहिल्यांदाच लक्ष घालणारे शिक्षक वा वास्तुविशारद यांच्यासाठी आहे. उदाहरणासाठी मालवण घेतले आहे. तिथल्या योजनेचा सद्यःस्थितीचा वृत्तांत देणे हा हेतू नाही. एका लहान नगरात बाजारपेठ, मासेमारी, खाडी, सागरी अभयारण्य, शिवकालीन जलदुर्ग आणि पर्यटन हे सारे इतके एकमेकांत गुंतलेले फार थोड्या ठिकाणी सापडते, म्हणून ही निवड.

पहिली पायरी: हद्दीबाहेरचे गाव ओळखणे

विकास योजना नगरपरिषदेच्या हद्दीत थांबते. मालवणच्या उत्तरेला कोळंबची खाडी आहे, दक्षिणेला वायरी, तारकर्ली आणि देवबाग ही गावे ग्रामपंचायतींच्या कारभाराखाली आहेत, आणि त्यांच्या जमिनीचा वापर विकास योजनेने नव्हे तर प्रादेशिक योजनेने ठरतो. पण तारकर्ली-देवबागला जाणारा पर्यटक मालवणच्या बाजारातून जातो, तिथेच गाडी उभी करतो आणि तिथलेच पाणी पितो. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला आणि चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये खुला झाला. या प्रत्येक घटनेचा भार नगराने उचलला, मात्र योजनेतली लोकसंख्येची आकडेमोड आजही प्रामुख्याने हद्दीतल्या कायम रहिवाशांवर उभी केली जाते. २०११ च्या जनगणनेत मालवणची लोकसंख्या साडेअठरा हजारांच्या आसपास होती. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत गावात प्रत्यक्ष किती माणसे असतात, याचा या आकड्याशी फारसा संबंध उरत नाही.

म्हणून कामाच्या सुरुवातीलाच नगररचना अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करावी की, अभ्यासाचा नकाशा हद्दीच्या बाहेर किमान खाडीमुखापर्यंत आणि पाणलोटाच्या माथ्यापर्यंत वाढवावा. प्रस्ताव हद्दीतच राहतील, पण अभ्यास हद्दीत राहून चालणार नाही. पाणी, वाळू आणि पर्यटक यांपैकी कोणीही नगरपरिषदेची हद्द विचारत नाही.

दुसरी पायरी: कागद एका टेबलावर आणणे

पुढील कागद निरनिराळ्या कार्यालयांत पडलेले असतात आणि ते सर्व एकत्र ठेवून पाहण्याची जबाबदारी व्यवहारात कोणाकडेच नसते. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशे आणि नगर भूमापनाचे नकाशे घ्यावेत. नगरपरिषदेतून आधीची मंजूर विकास योजना तिच्या अहवालासह घ्यावी, कारण नुसता नकाशा घेतला तर आरक्षणामागची कारणे कळत नाहीत. महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे, वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडून कांदळवनांच्या नोंदी, जिल्हा प्रशासनाकडून आपत्ती व्यवस्थापन आराखडा आणि नगरपरिषदेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडून लोक जैवविविधता नोंदवही (स्थानिक वनस्पती-प्राणी आणि त्यांच्याविषयीच्या लोकज्ञानाची नोंद) मिळवावी. नोंदवही अपुरी असेल तर ती पूर्ण करण्याचा आग्रह धरायला हीच योग्य वेळ आहे. साध्या अर्जाने कागद मिळाले नाहीत तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहेच, पण त्यात जाणारे दिवस आधीच धरून चालावे.

मालवणसाठी आणखी दोन कागद आवश्यक आहेत. पहिला कागद मालवण सागरी अभयारण्याच्या अधिसूचनेचा. हे अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातील सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा गाभा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या परिसरात येतो. मासेमारीवर बंधने येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्याला दीर्घकाळ विरोध केला आहे, ही गोष्टही नव्या माणसाने बैठकीला बसण्यापूर्वी माहीत करून घ्यावी. संवर्धन हा शब्द मालवणात उच्चारला की समोरच्याला काय ऐकू येते, हे त्या इतिहासावर अवलंबून असते. दुसरा कागद किल्ल्यासंबंधीचा. १६६४ मध्ये बांधकाम सुरू झालेला सिंधुदुर्ग केंद्र संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाभोवती १०० मीटरचे प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचे विनियमित क्षेत्र असते. शिवाय जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याभोवतीची बहुतेक जागा समुद्रच आहे, तरी किनाऱ्यावरून किल्ला दिसण्याचे कोन आणि होड्यांच्या धक्क्यावरची गर्दी हे विषय नगराच्या योजनेतच सोडवावे लागतील.

तिसरी पायरी: भरतीरेषेचा अर्थ समजून घेणे

किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची, दुसरी २०११ ची आणि सध्याची १८ जानेवारी २०१९ ची आहे. बोलीत सगळेच याला सीआरझेड म्हणतात, म्हणून इथेही तेच म्हणू. मोजणीचा आरंभ होतो तो भरतीरेषेपासून, म्हणजे मोठ्या उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जिथवर पोचते त्या रेषेपासून. समुद्राच्या बाजूने भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत सीआरझेड लागू होते. खाडीच्या बाजूने ते ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तितके लागू होते. त्यातले वर्ग असे. कांदळवने, प्रवाळ, वाळूचे टेकाड, कासवांच्या विणीच्या जागा, वारसास्थळे, अभयारण्ये इत्यादी पहिल्या-अ वर्गात आणि भरती-ओहोटीच्या मधला पट्टा पहिल्या-ब वर्गात येतो. बऱ्यापैकी बांधकाम झालेला व रस्ते-गटारांची सोय असलेला नागरी भाग दुसऱ्या वर्गात पडतो. उरलेला तुलनेने मोकळा ग्रामीण भाग तिसऱ्या वर्गात मोडतो, आणि पाण्याखालचा भाग चौथ्यात.

तिसऱ्या वर्गाचे २०१९ पासून दोन भाग झाले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक घनता असलेल्या गावांत ना-विकास पट्टा (जिथे नवे बांधकाम सहसा करता येत नाही तो भाग) ५० मीटरचा, आणि त्याहून विरळ गावांत २०० मीटरचा. नव्या माणसाने आपल्या वॉर्डाचा वा शेजारच्या गावाचा वर्ग ऐकीव माहितीवर धरू नये. नगरपरिषद हद्द आहे म्हणून सारे दुसऱ्या वर्गात असेल, असा समज सर्रास असतो आणि तो प्रत्येक वेळी खरा निघत नाही.

इथे प्रमाणाचा एक साधा हिशेब करून पाहावा. किनारा व्यवस्थापन आराखड्याचे मुख्य नकाशे १:२५,००० या प्रमाणात असतात, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर २५ मीटर होतो. ५० मीटरचा ना-विकास पट्टा अशा नकाशावर अवघा दोन मिलिमीटरचा दिसतो, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या रेघेखाली एखादे घर अंगणासह लपते. म्हणून कोणताही निष्कर्ष काढताना १:४,००० प्रमाणातला, सर्व्हे क्रमांक दाखवणारा स्थानिक नकाशा मागावा. त्यावर तोच पट्टा साडेबारा मिलिमीटरचा होतो आणि त्यावर बोट ठेवून बोलता येते.

मालवणच्या बाबतीत अधिसूचनेत आणखी एक आधार आहे, ज्याचा उपयोग फार कमी केला जातो. मालवण आणि आचरा-रत्नागिरी हे पट्टे अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत नावानिशी आहेत, आणि अशा क्षेत्रांचे व्यवस्थापन मच्छीमारांसह किनारी समाजांच्या सहभागाने करावे असे त्यात म्हटले आहे. म्हणजे गाबीत या मच्छीमार समाजाच्या वस्तीतल्या रापणकरांना योजनेच्या टेबलावर बसवणे हे सौजन्याचे काम नाही. ते अधिसूचनेतच लिहिलेले आहे.

चौथी पायरी: विद्यमान वापर नकाशा (इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा)

नियोजन प्राधिकरणाने कलम २३ खाली योजना तयार करण्याचा इरादा जाहीर केला की कलम २५ नुसार जमिनीचे सर्वेक्षण होऊन विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. हा टप्पा गाजावाजा न होता पार पडतो. वर्तमानपत्रात त्याची बातमी होत नाही, सभागृहात त्यावर भांडण होत नाही, आणि योजना खरी ठरते ती याच वेळी. नकाशावर ‘पडीक’ लिहिले गेलेले खाजण पुढच्या टप्प्यावर निवासी विभागात रंगवले गेले, तर त्या वेळी घेतलेली हरकत उत्तम युक्तिवादानेही क्वचितच टिकते, कारण सुनावणी घेणाऱ्यासमोर सरकारी नकाशा असतो आणि तुमच्या हाती फक्त आठवण.

किनाऱ्याचा वापर ऋतूनुसार बदलतो, आणि एकाच भेटीत केलेले सर्वेक्षण तो पकडू शकत नाही. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात यांत्रिक नौका बंद असतात आणि होड्या पुळणीच्या वरच्या अंगाला, कधी सुरूच्या बनात, कधी घराच्या खळ्यापर्यंत चढवलेल्या असतात. सर्वेक्षकाचे पथक कोरड्या, चांगल्या हवेत येते, त्या वेळी होड्या पाण्यात असतात आणि ती जागा रिकामी दिसते. नारळी पौर्णिमेनंतर रापण सुरू झाली की दांडीच्या पुळणीवर दोर ओढणाऱ्यांना किनाऱ्याच्या लांबीने आणि जमिनीच्या दिशेने मोकळी जागा लागते, पण रापण आटोपल्यावर तासाभरात तिथे खूणही उरत नाही. मासळी वाळवण्याची जागा उन्हाळ्यातच दिसते. कासवांची वीण थंडीत होते, तीही रात्री.

म्हणून वाडीनिहाय ऋतुवार नोंद स्वतः तयार करावी. देऊळवाडा, भरड, रेवतळे, मेढा, धुरीवाडा, राजकोट, दांडी अशा प्रत्येक भागासाठी १:४,००० नकाशाची प्रत घ्यावी. त्या भागातल्या जाणत्या माणसांसोबत चालत जाऊन प्रत्येक सामायिक जागेची हद्द, ती कोणत्या महिन्यांत कशासाठी वापरली जाते आणि तिथे जाण्याची पाणंद कोणती, हे पेन्सिलने लिहावे. दर ठिकाणाचे तारीख आणि स्थाननोंद असलेले छायाचित्र घ्यावे. पाणंदीकडे विशेष लक्ष द्यावे. पुळण शाबूत राहिली आणि तिच्याकडे जाणारी पाणंद एखाद्या रिसॉर्टच्या कुंपणात गेली, तर ती पुळण गमावल्यासारखीच असते.

या नोंदीला कायद्याचा आधारही आहे. किनारा व्यवस्थापनाच्या स्थानिक नकाशांत मच्छीमारांच्या वस्त्या, त्यांच्या सामायिक मालमत्ता, धक्के, बर्फाचे कारखाने, मासळी सुकवण्याच्या जागा दाखवाव्यात आणि मच्छीमार समाजाच्या दीर्घकालीन घरांच्या गरजेचा आराखडा राज्याने करावा, असे अधिसूचनेत सांगितले आहे. विकास योजनेच्या ठरावीक रंगांत रापणीच्या जागेला रंग नाही, ही अडचण खरी आहे. पण योजनेच्या अहवालासोबत स्वतंत्र विषयवार नकाशा जोडता येतो, आणि तसा आग्रह धरावा. तयार केलेली नोंद सोसायटीच्या व वाडीच्या ठरावासह नगररचना अधिकाऱ्यांकडे द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. पोच नसलेला कागद दिलाच नव्हता असे समजून चालावे.

पाचवी पायरी: पाण्याचा नकाशा

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात. जांभ्याच्या सड्यावरून पाणी भराभर वाहून जाते हे त्याचे कारण. त्यामुळे सडा म्हणजे निरुपयोगी कातळ, तिथे हवे ते होऊ द्या, हा विचार घातक ठरतो: खालच्या वाडीतल्या विहिरी त्या सड्याच्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यावर जगतात. नकाशावर प्रत्येक व्हाळ उगमापासून मुखापर्यंत आखावा आणि त्याची रुंदी जुलै महिन्यात मोजावी. मार्चमध्ये मोजलेला व्हाळ गटार म्हणून नकाशावर येतो आणि गटारावर स्लॅब टाकून गाळे काढण्याची कल्पना कोणाला ना कोणाला सुचतेच.

वाळूच्या पट्ट्यावरच्या विहिरींचे गणित वेगळे आहे. तिथे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि दोन्हींच्या घनतेतील फरकामुळे भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर वर असेल तर तिच्या खाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी असू शकते. याचाच उलटा अर्थ असा की, उपशामुळे पातळी थोडी जरी खाली गेली तरी खालून खारे पाणी कित्येक पटींनी वर येते. एका बाजूला कर्ली नदीची खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या देवबागसारख्या चिंचोळ्या पट्टीवर किती खोल्यांची निवासस्थाने व्हावीत, हा प्रश्न म्हणूनच रस्त्याच्या रुंदीवरून सुटणार नाही. विहिरीतून निघणारे पाणी आणि शोषखड्ड्यांतून त्याच वाळूत जाणारे सांडपाणी, या दोन आकड्यांवरून तो सोडवावा. नगराच्या हद्दीतही हाच निकष लावावा: ज्या भागात भुयारी गटार पुढील दहा वर्षांत होणार नाही, तिथे दाट निवासी वा हॉटेल वापर प्रस्तावित करू नये.

समुद्राच्या बाजूचा हिशेब अनेकांना किरकोळ वाटतो. आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या सहाव्या मूल्यांकनानुसार २००६ ते २०१८ या काळात जागतिक सरासरी समुद्रपातळी वर्षाला ३.७ मिलिमीटर वेगाने वाढली. हाच वेग धरला तर योजनेच्या वीस वर्षांत सुमारे साडेसात सेंटिमीटर वाढ होते. पण पन्नासास एक उतार असलेल्या पुळणीवर एवढ्याने पाणी जवळजवळ पावणेचार मीटर आत येते, तेही वाळूची धूप न धरता. त्यावर अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि वादळाची लाट चढते. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान आणि मे २०२१ चे तौक्ते या चक्रीवादळांच्या वेळी पाणी कुठवर आले होते, हे प्रत्येक वाडीतली माणसे भिंतीवर हात ठेवून दाखवू शकतात. त्या खुणा नकाशावर घेऊन त्यांची रेषा जोडावी. शासनाच्या धोकारेषेशेजारी (धूप आणि पुराचा धोका कुठवर आहे हे दाखवणारी रेषा) ही लोकांची रेषा ठेवली की पुढची चर्चा मुद्द्यावर येते. दवाखाना, शाळा, अग्निशमन केंद्र आणि वीज उपकेंद्र या दोन्ही रेषांच्या वरच्या अंगाला हवेत.

सहावी पायरी: आरक्षण की विभाग

नवख्या माणसाची सर्वांत मोठी गफलत इथे होते. एखादी जागा वाचवायची म्हणजे तिच्यावर आरक्षण टाकायचे, असे त्याला वाटते. आरक्षण टाकले की ती जमीन संपादन करण्याची जबाबदारी प्राधिकरणावर येते. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत संपादन झाले नाही तर कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते. मालवणच्या आकाराच्या नगरपरिषदेकडे किनाऱ्याच्या भावाने जमिनी घेण्याइतका पैसा नसतो. परिणामी जी जागा वाचवायची होती, तीच बारा वर्षांनी पूर्णपणे मोकळी होऊन बाजारात येते.

त्यामुळे आरक्षणे थोडी आणि अत्यावश्यक ठेवावीत: मासळी बाजार, होड्यांची जागा, पाण्याची टाकी, सांडपाणी प्रक्रिया, वाहनतळ. नैसर्गिक जागा शक्यतो विभागाच्या स्वरूपात, म्हणजे हरित वा ना-विकास विभागात ठेवाव्यात, कारण विभाग ठरवण्याने संपादनाची जबाबदारी येत नाही आणि दहा वर्षांची मुदतही चालू होत नाही. कांदळवनाच्या बाबतीत तर आणखी स्पष्टता आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने जमिनीची मालकी कोणाचीही असली तरी कांदळवनाचा नाश आणि त्याभोवतीच्या ५० मीटरांतील बांधकाम यांवर बंदी घातली आहे. हे ५० मीटर विकास योजनेच्या नकाशावर रेघेने दाखवले पाहिजेत. नकाशावर ते नसतील तर परवानगी देणाऱ्या कारकुनाला ते दिसणार नाहीत.

‘उद्यान’ या आरक्षणापासून विशेष सावध राहावे. खाजणावर किंवा मर्यादावेलीने धरलेल्या वाळूच्या टेकाडावर उद्यानाचे आरक्षण पडले की लोक समाधान मानतात, आणि काही वर्षांनी तिथे भराव, पेव्हर ब्लॉक, हिरवळ आणि कारंजे येते. अशा जागेसाठी अहवालात वापराचे वर्णन वाक्यात लिहून घ्यावे: भराव नाही, पक्के बांधकाम नाही, पाण्याची ये-जा अबाधित.

पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयींचा प्रश्नही इथेच येतो. सीआरझेडच्या सध्याच्या नियमांनुसार पुळणीवर भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर सोडून तात्पुरती उपाहारगृहे, स्वच्छतागृहे, कपडे बदलण्याच्या खोल्या यांना वाव आहे. त्या कुठे असाव्यात हे योजनेने आधी ठरवले नाही तर त्या रापणीच्या जागेवरच येतील, कारण रापणीला लागणारी सपाट आणि पोहोचायला सोपी पुळणच हॉटेलवाल्यालाही हवी असते.

सातवी पायरी: किनाऱ्याचा रस्ता आणि भिंत

प्रारूप योजनेत, म्हणजे योजनेच्या मसुद्यात, समुद्राला समांतर रुंद रस्ता दिसला की गावाला आनंद होतो. तो रस्ता वाळूच्या कोणत्या भागावरून जातो हे आधी पाहावे. टेकाडावरून गेला तर वादळात पुळणीला वाळू पुरवणारा साठाच तोडला जातो, मग रस्ता वाचवायला धूपप्रतिबंधक बंधारा लागतो. बंधाऱ्यावर आपटून परतणारी लाट समोरची वाळू घेऊन जाते, आणि बंधारा जिथे संपतो तिथल्या शेजाऱ्याची पुळण खचू लागते. मग तोही बंधारा मागतो. खाडीमुखाजवळ हे चक्र आणखी जोरात फिरते, कारण तिथे वाळूची पट्टी नदीचा प्रवाह आणि समुद्राची लाट अशा दोन्ही बाजूंनी हलत असते. घरे आधीच काठावर असतील तिथे बंधाऱ्याला विरोध करणे माणुसकीचे नाही. जिथे अजून घरे नाहीत तिथे रस्ता आत सरकवणे हा मात्र सर्वांत स्वस्त बंधारा आहे.

दुसऱ्या वर्गातील सीआरझेडमध्ये बांधकामाला अस्तित्वातील रस्त्याच्या वा अधिकृत बांधकामाच्या जमिनीकडील बाजूसच परवानगी मिळते. म्हणून ‘अस्तित्वातील’ रस्ता म्हणून नकाशावर काय दाखवले आहे, हे चौथ्या पायरीतच तपासावे. बैलगाडीची वाट डांबरी रस्ता म्हणून दाखवली गेल्याने बरेच काही बदलू शकते.

आठवी पायरी: हरकत आणि सुनावणी

कलम २६ खाली प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की नगरपरिषदेसाठी हरकती-सूचनांची मुदत सर्वसाधारणपणे तीस दिवसांची असते. जाहीर सूचनेत छापलेली तारीखच अंतिम धरावी. एका छापील मसुद्यावर शेकडो सह्या गोळा करण्याने संख्या दिसते, पण सुनावणीत ती एकच हरकत म्हणून निकाली निघते. प्रत्येक जागेसाठी वेगळी हरकत द्यावी. तिच्यात सर्व्हे क्रमांक, प्रारूपातील प्रस्ताव, प्रत्यक्षातील वापर, आधाराची तरतूद आणि नेमका हवा असलेला बदल इतकेच असावे, आणि चौथ्या पायरीतली पोच जोडावी. कलम २२ मध्ये नैसर्गिक सौंदर्याच्या जागांचे जतन व पूरनियंत्रण हे योजनेचे विषय म्हणून नमूद आहेत, त्यांचा उल्लेख करावा. ‘निसर्ग वाचवा’ एवढेच लिहिलेल्या हरकतीवर समिती काहीही लिहू शकत नाही, अगदी तिच्या मनात असले तरी.

सुनावणी नगरपरिषदेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ यांच्या समितीपुढे होते. वेळ मिनिटांत मिळतो. नकाशा मोठा करून न्यावा, जो ती जागा वापरतो त्यालाच बोलू द्यावे, आणि त्याच जागेवर ज्या शेजाऱ्याची मालकी आहे त्याच्याशी सुनावणीपूर्वी बोलून घ्यावे. आपल्या हरकतीने कोणाची तरी जमीन अडकणार असते, याचे भान ठेवलेले बरे. त्याला विकास हक्क हस्तांतरणासारखा (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क देण्याचा) मोबदल्याचा मार्ग सुचवला तर विरोध निम्म्याने उतरतो.

नववी पायरी: मंजुरीनंतर

योजना कलम ३१ खाली शासनाकडून मंजूर होते. शासनाने मोठे बदल सुचवले तर ते भाग वगळून त्यांच्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. ही दुसरी सूचना पहिल्या वेळचे उत्साही लोक हमखास चुकवतात. त्यानंतर कलम ३८ नुसार वीस वर्षांत एकदा तरी सुधारणा व्हायलाच हवी, पण प्रत्यक्षात किनारा बदलतो तो कलम ३७ च्या किरकोळ फेरबदलांनी, एका वेळी एक सर्व्हे क्रमांक घेऊन. अशा प्रत्येक फेरबदलाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते आणि तिच्यावरही ठरावीक मुदतीत हरकत घेता येते. हद्दीबाहेरच्या तारकर्ली-देवबागसाठी हेच काम कलम २० खाली प्रादेशिक योजनेत होते. गटातील एका व्यक्तीने दर आठवड्याला या दोन कलमांच्या सूचना पाहाव्यात, दुसरीने मंजूर आरक्षणांची यादी करून प्रत्येकासमोर दहा वर्षे पूर्ण होण्याची तारीख लिहावी, आणि ती यादी दरवर्षी अंदाजपत्रकापूर्वी मुख्याधिकाऱ्यांना द्यावी, म्हणजे ज्या दोन-तीन जागा खरोखर घ्यायच्या आहेत त्यांच्यासाठी तरतूद मागता येईल. ऋतुवार नोंद मात्र थांबवू नये. दर पावसाळ्यानंतर तिच्यात भर घालून नवी प्रत नगरपरिषदेकडे पोच घेऊन द्यावी, कारण पुढच्या सुधारित योजनेचा विद्यमान वापर नकाशा याच कागदांवरून तपासला जाईल.